नोलीनचं धुराडं

...नाही म्हणजे नाही. गारा पडोत, दात वाजोत, कुत्रीच्या वाडग्यातलं पाणी असं गोठो की वाडगा उलटा केला तरी थेंब पडू नये, पण पंचवीस एप्रिल उजाडल्याशिवाय आमच्या घरात शेगडी पेटायची नाही. तुम्ही म्हणाल, अॅथल, लाकडं तू फोडलीस, धुराडं तू साफ केलंस, काडेपेटी तुझ्या खिशात, मग घोडं अडलंय कुठे? घोडं नोलीनपाशी अडलंय. नोलीन म्हणजे माझी बायको. आणि घर म्हणाल तर तेही तिचंच, ती ह्या घरात जन्मली, मी आपला लग्न करून आलो तो राहिलो... घरजावयाला काडेपेटी बाळगता येते, ओढता येत नाही, तुम्हाला सांगतो.

का, तर तिचा आजा. पंचवीस एप्रिल म्हणजे अॅन्झॅक डे, त्या पहाटे सगळं गाव लढाईत गेलेल्यांच्या स्तंभापाशी जाऊन उभं राहतं, बिगूल वाजतो, नाकं गळतात, मग आपापल्या घरी. नोलीनचा आजा लढाईवरून परत आला, त्याचा धाकटा भाऊ आला नाही. तर आजा दर वर्षी स्तंभापाशी उभा राहून घरी यायचा आणि मग कोट न काढता वर्षातली पहिली शेगडी पेटवायचा. त्याआधी नाही. भाऊ तिकडे चिखलात गारठून गेला आणि आपण घरात पाय शेकत बसायचं? ...आता ह्यावर तुम्ही काय बोलणार? मी काय बोलणार? जिवंत सासऱ्याशी वाद घालता येतो हो, मेलेल्या आजेसासऱ्याशी कसा घालायचा? लग्नाच्या पहिल्या वर्षी मी एकदाच म्हणालो, "नोलीन, थंडी वाजते." ती म्हणाली, "अजून एक स्वेटर घाल." उत्तर आजतागायत बदललेलं नाही, स्वेटर तेवढे वाढलेत. एप्रिलच्या मध्याला मी दारातून तिरका होऊन जातो.

बरं, हे आमच्या घरापुरतं राहिलं असतं तरी मी मूग गिळून बसलो असतो. पण आमचं मॅनिओटोटो म्हणजे उघडं माळरान, चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये नुसतं सपाट, न्यूझीलंडभरची थंडी जणू इथेच उतरायला येते. कुणाच्या धुराड्यातून धूर निघाला की पार पलीकडच्या मेंढ्यांच्या कुरणातून दिसतो. नोलीन सकाळी खिडकीत उभी राहते. "बेरिलकडे धूर," असं म्हणते, शेजारणीकडे पोलीस आले म्हणावं तशी. आणि गावाचं काय, गावाला नोलीनचं धुराडं म्हणजे कॅलेंडर. त्यातून धूर निघाला की हिवाळा लागला. एकदाच, फक्त एकदाच तो आधी निघाला होता, तिची आई अंथरुणाला खिळली तेव्हा, डॉक्टर म्हणाले खोली गरम ठेवा, म्हणून मार्चातच पेटवली, आणि म्हातारी आठवड्याभरात गेली. ते गाव अजून विसरलेलं नाही, वेळेआधी धूर म्हणजे घरात मरण.

आणि तिकडे... तिकडे काय चाललंय? तिकडे ब्रिस्बेनला आमची लेक लिअॅन असते, समुद्रापलीकडे, ऑस्ट्रेलियात. गेल्या वर्षी तिनं एक फोटो पाठवला. फोटोत काही विशेष नाही, आमचा जावई वॉरन कचऱ्याचा डबा फाटकाबाहेर ठेवायला चाललाय, मागे कसलीशी लाल फुलं. अर्धी चड्डी, बनियन. मी फोटो जवळ घेतला, चष्मा पुसला, परत बघितला. पायात काही नाही. जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, आणि हा? अनवाणी हो. जुलै महिन्यात. ...तुम्हाला सांगतो, स्वतःच्या जावयाचा फोटो कुठल्या सासऱ्यानं इतका बघितला नसेल.

म्हणजे मला जायचं होतं. बोललो बघा. नोलीनला सांगू नका, पण मला जायचं होतं, इतकं की झोपेत माझे पाय हलायचे. तिकडे घरं खांबांवर उंच असतात, तर लिअॅननं घराखाली एक खोली बांधून घेतली होती आमच्यासाठी, न्हाणीघर शेजारीच, छताला पंखा. पंखा! आमच्या गावात कुणाला पंखा भेट दिलात तर तो त्यानं कोंबड्या उडवेल. पण नोलीनपाशी विषय काढायची सोय नव्हती. मी म्हणायचो, "लिअॅन म्हणते तिकडे बरं असतं," की ही म्हणायची, "तिला बरं असेल," आणि दाराखालचा साप पायानं नीट सरकवायची.

साप म्हणजे वाळू भरलेले, कापडी, हो. दाराखालून वारा येऊ नये म्हणून. मार्च लागला की नोलीनची तयारी बघायला या तुम्ही. प्रत्येक दाराला एक साप, आणि त्यांना नावं आहेत, मी विचारत नाही. खिडक्या वरखाली सरकणाऱ्या, आज्याच्या वेळच्या, चौकट एका गावाला आणि काच दुसऱ्या, त्या फटींत ही बाई आपले जुने लांब पायमोजे सुरीच्या टोकानं कोंबते, इतके की काचेकडे बाहेरून बघितलं तर वाटतं आत कुणीतरी पाय दुमडून बसलंय. पडद्याला मागून घोंगडीचं अस्तर. नळाला मेंढीची लोकर गुंडाळायची, वर गोणपाट, वर सुतळी. आणि मी? मी जमिनीखाली. घर खुंट्यांवर उभं, खालून सरपटत जायचं, तक्त्यांच्या फटी बुजवायच्या, डोक्यावर नोलीन चालतेय आणि तिच्या पावलांची माती माझ्या डोळ्यांत. "अॅथल, झोपलास का?" कोण झोपेल हो तिथे? ...म्हणजे एकदा लागला होता डोळा, पण ते वेगळं.

मग लाकडं. लाकडांचं मात्र मी कुणाला बोलू देत नाही. लार्च, ब्लूगम, थोडं मॅक्रोकार्पा, दोन उन्हाळे वाळवलेलं, साल वरच्या अंगाला, टोकं अशी एका रेषेत की सुतारानं दोरी धरावी. ती रास परसात उभी असते, तिच्यावर उन्हं पडतात, वास येतो राळेचा, आणि मी समोर स्टूल टाकून बसतो आणि तिच्याकडे बघतो. नुसता बघतो. मिठाईच्या दुकानाबाहेर पोरं उभी राहतात ना, तसा. पॉपलरची झाडं पिवळी धम्मक झालेली असतात, पानं एकेक करून खाली येतात, घाई नाही कसली, सकाळचं धुकं माळावर पसरलेलं, त्यातून मेंढ्यांच्या नुसत्या पाठी दिसतात... आणि मला वाटतं, अॅथल, सुंदर आहे रे. सुंदर आहे, फक्त गार आहे.

धुराडं साफ करायला छपरावर चढतो तेव्हा तर विचारूच नका. लांब दांड्याचा ब्रश आत सोडायचा, वर-खाली, वर-खाली, काजळी पडतेय, आणि मी वरून बघतोय, डोंगराच्या माथ्यावर पहिलं पांढरं दिसायला लागलंय... आणि हळूहळू छप्पर जातं, डोंगर जातो, आणि मी त्या खोलीत असतो. घराखालच्या. सकाळ झालीय. मी पलंगावरून पाय खाली सोडतो आणि जमीन... काही करत नाही. चावत नाही. नुसती आहे. मी दार उघडतो, दाराखाली साप नाही, मी कचऱ्याचा डबा घेतो, फाटकापर्यंत जातो, फरशी कोमट, कुणीतरी गवत कापतंय लांब कुठेतरी, मला कुठे जायचं नाही, मी तिथेच उभा. अनवाणी हो. जुलै महिन्यात...

"अॅथल," खालून आवाज. "ब्रश का थांबला?"

आता खरी गोष्ट. गेल्या हिवाळ्यात मागच्या पायरीवर बर्फ साचला होता, नोलीन कोंबड्यांना दाणे टाकायला गेली, घसरली, मनगट मोडलं. त्याच आठवड्यात नळ फुटला आणि स्वयंपाकघरात आम्ही गमबूट घालून चहा पीत होतो. ते लिअॅनला कळलं. कुणी कळवलं म्हणून काय विचारता, बेरिलनं कळवलं. लिअॅननं फोन केला आणि आईला म्हणाली, "आई, पुरे झालं. एप्रिलात मी येते. घर माझ्या डोळ्यांनी बघते. घर उबदार असलं, तुम्हाला झेपत असलं, तर परत कधी विषय काढणार नाही. पण गार आणि ओलं असलं तर दोघांना घेऊन जाईन, घर विकायला काढायचं. कबूल?" आणि आमची नोलीन, ताठ मानेची, म्हणाली, "कबूल. ये आणि ठरव." फोन ठेवला. मग कितीतरी वेळ ती भिंतीवर हात ठेवून उभी होती. मी बघितलं ते. आणि मी... लाज वाटते सांगायला, मी तेव्हा जाऊन माझी अर्धी चड्डी शोधत होतो.

कारण लिअॅनला सुट्टी कधी मिळाली, माहितीय? अॅन्झॅक डेच्या आदल्या आठवड्यात.

कळलं ना? मला काही करायचंच नव्हतं. मी नुसतं गप्प बसायचं. नोलीन शेगडी पेटवणार नाही, घर आपोआप गार पडणार, लेक आपोआप गारठणार, आणि आम्ही आपोआप ब्रिस्बेनला. मी म्हटलं होतं बरं का नोलीनला, मला दोष नको म्हणून, "अगं, यंदा चार दिवस आधी पेटवूया का? लेकीसाठी?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी जाऊन अजून एक स्वेटर घातला.

पण नोलीन गप्प बसणारी नव्हे. शेगडी नाही म्हणजे ऊब नाही असं थोडंच आहे? नेम शेगडीचा आहे. ओव्हनचा नाही. पहाटेपासून ओव्हन चालू, त्यात स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे पाव, मग चीज रोल, मग मटणाचा पाय, मग परत स्कोन, आणि प्रत्येक घाण्यानंतर दार उघडंच राहतंय, विसरल्यासारखं. गरम पाण्याच्या पिशव्या गावभरून मागून आणल्या आणि सोफ्याच्या गाद्यांखाली दडवल्या. फ्लॉस, आमची म्हातारी कुत्री, एरवी घरात पाऊल टाकायची मुभा नाही, तिला आंघोळ घालून आत घेतलं, का, तर ती पाहुण्यांच्या पावलांवर झोपते.

लिअॅन आली. विमानतळावरून भाड्याच्या गाडीनं, अंगात पातळ जाकीट, पायात काय? सपाता. मी सपातांकडेच बघत राहिलो. आत आली, आईला मिठी मारली, सोफ्यावर बसली आणि सोफा बोलला. गुडगुड. लिअॅननं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, जरा सरकली. गुडगुड. "आई, सोफ्याला काय झालंय?" "जुना आहे," नोलीन म्हणाली, "स्कोन घे."

आणि मग ऊन. आमच्या घरात एप्रिलात ऊन पुढच्या खिडकीनं येतं, मग जेवणाच्या टेबलापाशी, मग कोपऱ्यात, आणि मग भिंत चढून निघून जातं. नोलीननं लेकीला त्या उन्हाबरोबर फिरवलं, अहो, खुर्चीसकट. "इथे बस, इथून डोंगर छान दिसतो." अर्ध्या तासानं, "आता इथे बस, तुला तुझा लहानपणीचा फोटो दाखवते." मग आणखी कोपऱ्यात, "इथे बस, इथे... इथे बस तू." आणि मागोमाग आम्ही, मी माझी खुर्ची घेऊन, नोलीन तिची, फ्लॉस आपली आपण. तिघंजणं त्या एवढ्याशा उजेडात गुडघ्याला गुडघा लावून. लिअॅन आईचा हात हातात घेऊन बसली होती, तो मोडून जुळलेला, धूळ उन्हात तरंगत होती, आणि माझी पापणी जड झाली, आणि मला क्षणभर कळेना की मी ब्रिस्बेनला आहे की इथे. ऊन तेच होतं की. पण मग ते भिंत चढलं आणि गेलं.

ऊन गेल्यावर घर जे गार पडतं ना आमचं, ते एकदम पडतं. लिअॅन जेवताना जाकीट घालून होती. नोलीननं तिला दोन पिशव्या दिल्या, दोन घोंगड्या, माझा एक स्वेटर दिला, कुत्रीही दिली. मी अंथरुणात पडल्या पडल्या मनात सामान भरायला लागलो. स्वेटर? एकही नाही.

सकाळी उठून बघतो तर सगळं पांढरं. दव नव्हे, दहिवर, गोठलेलं, जाड, कुंपणाच्या तारा बोटाएवढ्या झालेल्या, पॉपलरच्या पानापानाला पांढरी कड, माळ असा की कुणी आवाज करू नये. लिअॅन स्वयंपाकघरात घोंगडी पांघरून उभी होती आणि तिच्या तोंडातून वाफ येत होती.

"आई, माझा श्वास दिसतोय."

"चहाची वाफ आहे ती," नोलीन म्हणाली.

"चहा मी अजून ओतलाच नाहीये, आई."

नोलीननं हातातलं फडकं घडी करून ठेवलं, परत उलगडलं, परत घडी केलं. मग म्हणाली, "कोंबड्या बघून येते," आणि मागच्या दारानं गेली. लिअॅननं दार लागेपर्यंत वाट पाहिली आणि माझ्याकडे वळली. "बाबा, मी काय बोलणारेय तुम्हाला माहितीय. आई ऐकणार नाही, पण शब्द दिलाय तिनं, येईल. मला फक्त तुमच्याकडून ऐकायचंय. तुम्हाला यायचंय ना? एकदा हो म्हणा, बाकी मी बघते."

एकदा हो! तुम्हाला सांगतो, तो हो माझ्या जिभेवर बसलेला होता, गेल्या जुलैपासून बसलेला होता. मी तोंड उघडलं. आणि लिअॅनच्या खांद्यावरून मला मागची खिडकी दिसली.

नोलीन कोंबड्यांकडे गेलीच नव्हती. ती भिंतीपाशी दहिवरात गुडघे टेकून बसली होती आणि नळाला गुंडाळलेली लोकर सुटली होती ती परत बांधत होती. तो हात चालत नाही ना तिचा नीट, मूठ वळत नाही, म्हणून सुतळीचं एक टोक दातांत धरलेलं आणि दुसऱ्या हातानं गाठ ओढत होती. गाठ सुटली. परत दातांत धरली. अहो, घर विकायला निघालंय, उद्या इथे कोण राहणार माहीत नाही, आणि ही बाई नळ गोठू नये म्हणून... बांधून झाल्यावर तिनं त्या नळावर दोनदा थोपटलं. वासराला थोपटावं तसं.

मला भरून आलं हो. आता हसा. नळाला थोपटताना बघून भरून आलं. मला एकदम कळलं, की ह्या बाईला मी त्या पंख्याखाली नेऊन बसवलं, तर ती बसेल, शब्द दिलाय म्हणून बसेल, आणि तिच्या हातांना थोपटायला तिथे काही नसेल. तिथे काय गोठतं? मी रोज तो कचऱ्याचा डबा घेऊन फाटकापर्यंत जाईन आणि परत येईन, आणि ती तशीच बसलेली असेल. अनवाणी हो. जुलै महिन्यात. चालेल मला ते? नाही चालणार.

"बाबा?" लिअॅन म्हणाली.

"तू गारठलीस," मी म्हणालो. "थांब, शेगडी पेटवतो."

पाइनची सुकी बोंडं, वर ढलप्या, वर लार्चचं एक देखणं फाळकं, आणि काडी. आयुष्यात पहिल्यांदा त्या शेगडीला मी पंचवीस एप्रिलच्या ह्या बाजूला काडी लावली आणि आजेसासऱ्याचा फोटो वर होता, त्याच्याकडे बघितलं नाही. मनात म्हटलं, तुझ्याच घरासाठी करतोय, बाबा, रागावू नकोस. आणि काय पेटली म्हणून सांगू, दोन उन्हाळे वाळलेलं लाकूड ते, धडाडली, शेगडीच्या दाराची काच सोनेरी झाली, लिअॅन घोंगडीसकट जमिनीवरच बसली तिच्यासमोर आणि तिचा चेहरा असा लहान झाला, शाळेतून भिजून यायची तेव्हाचा. मी खुर्चीत टेकलो. आता बाहेरून बाई येईल आणि आपलं काही खरं नाही, एवढंच डोक्यात होतं.

पण मी एक विसरलो होतो. वारा नव्हता. गोठलेली निवांत सकाळ, आणि नोलीनच्या धुराड्यातून धूर, सरळ, खांबासारखा, आभाळात. पंचवीस एप्रिलच्या आधी. सगळ्या माळाला दिसेल असा.

पहिली बेरिल आली. पाय ओढत, हातात झाकलेलं कॅसरोल, डोळे लाल. दारात मला बघितलं आणि मला मिठीच मारली. "अॅथल, कधी गेली रे?" मी म्हटलं, "कोण?" "किती शांत आहेस तू," बेरिल म्हणाली आणि रडायला लागली. तिच्यामागून स्ट्रुअन, आमच्या शेजारच्या कुरणाचा मालक, एरवी वर्षात चार शब्द बोलणारा माणूस, ट्रेलर भरून लाकडं घेऊन आलेला. टोपी काढून छातीशी धरली. "लोक येतील," म्हणाला, "लाकूड लागेल." आणि उतरवायला लागला. मग पोस्टातली बाई मटणाचा पाय घेऊन, मग चर्चवाले दोघं घडीच्या खुर्च्या घेऊन, मग कुणी सूप, कुणी आणखी सूप. प्रत्येकजण माझा हात दाबतोय आणि मी सांगतोय, "अहो, ती कोंबड्यांकडे गेलीय," आणि ते एकमेकांकडे बघतायत, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. लिअॅन शेगडीपाशी उभी राहून नुसती बघत होती. स्ट्रुअन तिला म्हणाला, "काळजी करू नकोस पोरी. तुझ्या बापाची लाकडं, पायरीवरचा बर्फ, आम्ही बघू. गेल्या साली आम्हाला कळायला उशीर झाला. परत नाही होणार."

आणि मागचं दार उघडलं. नोलीन, केसांवर दहिवर, टोपलीत अंडी.

बेरिलच्या हातून वाटी पडली. "तू जिवंत आहेस?"

"मग?" नोलीन म्हणाली. तिनं माणसं बघितली, कॅसरोलं बघितली, घडीच्या खुर्च्या बघितल्या. मग शेगडी बघितली. ती हळूहळू पुढे आली, टोपली ठेवली, आणि माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मग अगदी हळू, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "तुला तिकडे जायचं होतं ना, अॅथल? तो फोटो बघत असतोस."

"छे," मी म्हणालो. "वॉरनच्या पायाला काय झालंय ते बघत होतो."

तिनं तो मोडका हात शेगडीपुढे धरला, उघडला, मिटला, जमेल तेवढा. मग आजेसासऱ्याच्या फोटोकडे एकदा बघून म्हणाली, "आता पेटलीच आहे तर बसा सगळे." आणि सगळे बसले. खुर्च्या होत्याच. स्वतःच्या तेराव्याचं जेवण स्वतः वाढणारी बाई मी तेव्हाच पहिल्यांदा बघितली. काचांवरचं दहिवर वितळून ओघळत होतं, सगळ्यांच्या कोटांना ओल्या लोकरीचा वास येत होता, स्ट्रुअनला डुलकी लागली, आणि मला खरंच सांगतो, मला कुठेही जावंसं वाटत नव्हतं. तेवढा वेळ तरी नाही.

दुपारी लिअॅन आमच्या दोघांमध्ये येऊन बसली. "मी उगाच काळजी करत होते," ती म्हणाली. "तुम्ही इथेच राहा. त्या खोलीत मी माझं शिवणाचं मशीन टाकते." गेली खोली. पंख्यासकट गेली. नोलीनचे डोळे भरले, तिनं स्कोनची ताटली पुढे केली, तिला दुसरं काही करता येत नाही अशा वेळी. मीही एक घेतला, काय करता?

"आणि आई, मी काय म्हणते," लिअॅन म्हणाली, "माझ्या मुलांनी हे असं काही बघितलंच नाहीये. बर्फ, शेगडी, हे लोक. जुलैची सगळी सुट्टी आम्ही इथे येतो. वॉरनसुद्धा."

"अगदी या," नोलीन म्हणाली. "शेगडीच्या बाजूची खोली तुम्हाला. मी मुलांजवळ झोपेन. अॅथल झोपेल मागच्या खोलीत."

मागची खोली म्हणजे दक्षिणेची, आणि आमच्याकडे सूर्य उत्तरेला. ऊन तिथे वर्षभर पाऊल टाकत नाही. आम्ही त्या खोलीत सफरचंदं ठेवतो, गेल्या सालची तिथे पार ऑक्टोबरपर्यंत ताजी होती. मीही ताजा राहीन म्हणा, आणखी काय.